दुसऱ्याच्या डोळ्यांतून आपली पाठ



मध्यरात्र उलटून गेली आहे. डोंगराच्या कुशीतल्या एका जपानी खेड्यात हॉवर्ड राइट नावाचा अमेरिकन शाळकरी मुलगा जीव मुठीत धरून पळतो आहे. मागावर गावचाच पोलीस आहे. हातात पिस्तूल, डोळ्यांतून रक्ताचे ओघळ. इथवर कोणत्याही भयपटात शोभेल असंच सगळं. पण या खेळात खेळणाऱ्याला पडदा मधोमध दुभंगता येतो. एका भागात हॉवर्ड दिसतो आणि दुसऱ्या भागात त्या पोलिसाला जे दिसतं आहे ते: बॅटरीचा हलता झोत, काळंभोर रान, आणि थोड्या अंतरावर एका मुलाची पाठ. ती पाठ हॉवर्डची, म्हणजे ज्याच्या हातात कंट्रोलर आहे त्याची स्वतःची.

या खेळाचं नाव ‘सायरन: ब्लड कर्स’. जुलै २००८ मध्ये सोनीच्या प्लेस्टेशन ३ साठी तो आला. त्याचे बारा भाग आहेत, दूरदर्शन मालिकेसारखे. प्रत्येक भागाच्या सुरुवातीला मागची उजळणी आणि शेवटी पुढची झलक. इंटरनेटवरून तो अख्खा घेता येई किंवा चार-चार भागांच्या तीन गठ्ठ्यांतही. व्हिडिओ गेम हा प्रकार आपल्याकडे अजून मुलांच्या खोलीतच ठेवला जातो. पण कथा सांगण्याचं एक पूर्ण वाढलेलं माध्यम म्हणून त्याच्याकडे पाहायचं असेल, तर या बारा भागांइतकं बोलकं उदाहरण क्वचित सापडेल.

खेळाचे दिग्दर्शक केइचिरो तोयामा. १९९९ मध्ये त्यांनीच कोनामी कंपनीत ‘सायलेंट हिल’ केला होता. त्याआधी, १९९६ मध्ये, कॅपकॉमच्या ‘रेझिडेंट ईव्हिल’ने या प्रकाराला ‘सर्व्हायव्हल हॉरर’ हे नाव रूढ करून दिलं होतं. गोळ्या मोजक्या, सामान ठेवायला जागा अपुरी, आणि लढण्यापेक्षा निसटणं शहाणपणाचं, हे त्याचे नियम. ‘सायलेंट हिल’ने त्यात धुकं आणलं. त्यात नायकाजवळ एक छोटा रेडिओ असतो आणि संकट जवळ आलं की तो खरखरतो. तोयामा पुढे सोनीत गेले आणि २००३ मध्ये त्यांनी पहिला ‘सायरन’ केला. कथालेखन नाओको सातो यांचं. तिथे त्यांनी रेडिओची तीच कल्पना कानांकडून डोळ्यांकडे नेली. कंट्रोलरची दांडी हळूहळू फिरवायची. सुई स्टेशनावर यावी तशी आधी खरखर, मग अंधूक चित्र, आणि मग अचानक कुणाच्या तरी डोळ्यांतून स्वच्छ दृश्य. या विद्येला खेळात ‘साइटजॅक’ म्हणतात. कोण कुठे उभा आहे, कोणत्या दिशेने पाहतो आहे, किती वेळाने वळतो आहे, हे त्याच्याच नजरेतून हेरायचं आणि त्याची पाठ फिरताच दबक्या पावलांनी सरकायचं.

मूळ खेळात याची किंमत जबर होती. दुसऱ्याच्या डोळ्यांत शिरलं की स्वतःचं शरीर जागच्या जागी थिजून राहायचं. शत्रूच्या नजरेत असताना आपल्याच मागे कोण येऊन उभं राहिलं आहे, हे कळायला मार्ग नसे. नकाशा हातात असायचा, पण आपण त्यावर कुठे आहोत हे तो दाखवायचा नाही. ‘ब्लड कर्स’ने पडदा दुभंगून चालता चालता पाहण्याची सोय केली. खेळ सोपा झाला, आणि त्यात काही हरवलंही. पण एक नवी भीती हाती आली. आपण आडोशाला लपलेलो असताना दुसऱ्या अर्ध्या पडद्यावर तोच आडोसा जवळ जवळ येत मोठा होत जातो. धावावं की श्वास रोखून बसावं? दोन्हींची उत्तरं समोर दिसत असतात आणि तरी ठरवता येत नाही.

ज्यांच्या डोळ्यांत शिरायचं ते म्हणजे ‘शिबितो’. हानुदा गावातले हे रहिवासी लाल पाण्याच्या प्रभावाखाली मरून पुन्हा उठलेले आहेत. त्यांना कायमचं मारता येत नाही. पाडलं तरी थोड्या वेळाने ते परत उभे राहतात. पण त्यांच्याबद्दलची खरी अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळीच आहे. त्यांचा दिनक्रम सुटलेला नाही. कुणी शेतात खपतो आहे, कुणी खिळे ठोकतो आहे, कुणी स्वतःशी पुटपुटत रोजची गस्त घालतो आहे. त्यांच्या डोळ्यांतून पाहताना त्यांचा श्वास आणि त्यांची बडबड कानाशी ऐकू येते. लपून बसलेला खेळाडू हळूहळू त्यांच्या सवयी शिकतो. कोणाची खेप किती वेळाची, कोण कुठे रेंगाळतो, हे त्याला शेजाऱ्यासारखं माहीत होतं.

पहिल्या ‘सायरन’मधलं माएदा कुटुंब हे याचं सर्वांत हृदय पिळवटणारं उदाहरण. तोमोको ही चौदा वर्षांची मुलगी आईवडिलांवर रागावून घराबाहेर पडलेली. त्या रात्री तीही शिबितो होते आणि आपल्याला शोधणाऱ्या आईवडिलांपर्यंत येऊन पोचते. ते चर्चमध्ये आहेत, ती खिडकीबाहेर. तिला आई-बाबा सापडल्याचा आनंद, आणि आतून ऐकू येते ती किंकाळी. पुढे आईवडीलही तिच्यासारखेच होतात आणि ते कुटुंब पुन्हा एकत्र येतं. खिडकीवर थापा मारत ‘आत घ्या’ म्हणणारी मुलगी खेळाच्या जपानी दूरदर्शन जाहिरातीतही होती. ती पाहून लोक इतके हादरले, की तक्रारींमुळे जाहिरात थांबवावी लागली. तिच्यात रक्तपात नव्हता. होतं ते घरचंच माणूस, जे आता घरात घेता येत नव्हतं.

पात्रांचे चेहरेही याला हातभार लावतात. खऱ्या नटनट्यांची छायाचित्रं वेगवेगळ्या कोनांतून घेऊन ती संगणकीय चेहऱ्यांवर चढवली होती. म्हणून हे चेहरे चित्रातले वाटत नाहीत. बसमध्ये समोर बसलेल्या कुणाचे तरी वाटतात.

हानुदा हे गाव काल्पनिक, पण ते हवेतून आलेलं नाही. ते उभं करताना सायतामा प्रांतात चिचिबूच्या डोंगराळ भागातल्या एका ओस पडलेल्या वस्तीचा आधार घेतला होता. जपानमध्ये तरुण शहरांकडे गेले आणि डोंगरातली खेडी वर्षागणिक रिकामी होत गेली. २०२३ च्या सरकारी पाहणीत देशभरात सुमारे ९० लाख घरं रिकामी आढळली, एकूण घरांच्या १३.८ टक्के. ज्या भोंग्यावरून खेळाला नाव मिळालं तोही जपानी खेड्यांच्या ओळखीचा आहे. आपत्तीची सूचना देण्यासाठी गावोगाव खांबांवर कर्णे बसवलेले असतात आणि अनेक ठिकाणी संध्याकाळी त्यांवरून मुलांना घरी परतण्याची आठवण देणारी धून वाजते. हानुदातला भोंगाही माणसांना बोलावतो, पण लाल पाण्याकडे.

गावाच्या भयाला आणखी एक खरी सावली आहे. मे १९३८ मध्ये ओकायामा प्रांतात त्सुयामाजवळच्या एका खेड्यात एका तरुणाने रात्री गावाची वीज तोडली, डोक्याला दोन बॅटऱ्या बांधल्या आणि पहाटेपूर्वी तीस जणांना ठार करून स्वतःला संपवलं. रहस्यकथाकार सेइशी योकोमिझो यांनी युद्धानंतर लिहिलेल्या ‘यात्सुहाका-मुरा’ या कादंबरीमागे हीच घटना होती. बाहेरच्यांना न उमगणारं, आपल्या गुपितांवर झाकण घालून बसलेलं खेडं हा जपानी भयकथेचा तेव्हापासूनचा मुलूख. ‘सायरन’ त्याच मुलखात शिरतो. देवाचं मांस खाल्ल्यामुळे शाप लागल्याची त्याची मूळकथाही लोककथेतून येते. जलपरीचं मांस खाऊन आठशे वर्षं जगलेल्या भिक्षुणीची, याओ बिकुनीची कथा जपानी किनाऱ्यावर ठिकठिकाणी सांगतात. फुकुई प्रांतातल्या ओबामा गावच्या एका मंदिरात तिची गुहा दाखवतात.

आता या खेळाच्या भागांकडे येऊ. भय तुकड्यातुकड्यांनी सांगण्याची रीत जपानमध्ये दूरदर्शनपेक्षा खूप जुनी आहे. एदो काळात उन्हाळ्याच्या रात्री ‘ह्याकुमोनोगातारी’ हा खेळ रंगे. निळ्या कागदाच्या कंदिलांत शंभर वाती लावायच्या, एकेकाने एक भयकथा सांगायची आणि कथा संपली की एक वात विझवायची. शेवटची वात विझली की खरोखरीचं काहीतरी अवतरतं, अशी समजूत. म्हणून पुष्कळदा नव्व्याण्णवावर थांबत. एकोणिसाव्या शतकातले नामांकित कथाकथनकार सान्युतेई एन्चो आपली ‘बोतान दोरो’ ही भूतकथा रोज रात्री थोडी थोडी सांगत. १८८४ मध्ये ती लघुलिपीत टिपून घेऊन भागाभागांनीच छापली गेली. अजूनही जपानमध्ये भुताखेतांचा हंगाम उन्हाळाच. ‘सायरन’ची रात्रही ३ ऑगस्टची आहे.

ह्याकुमोनोगातारीत प्रत्येक कथेला सांगणारा बदलतो. ‘ब्लड कर्स’मध्ये जगणारा बदलतो. एक प्रसंग हॉवर्डचा, दुसरा मानववंशशास्त्राचे प्राध्यापक सॅम मनरो यांचा, तिसरा त्यांची पूर्वपत्नी, दूरदर्शनची निवेदिका मेलिसा हिचा. दूरदर्शनचं हे पथक गावातल्या नरबळीच्या विधीचं चित्रण करायला आलेलं. आणि मग पाळी येते सॅम-मेलिसाच्या लहानग्या बेलाची. बेलाच्या हातात शस्त्र नाही. इस्पितळाच्या अंधाऱ्या खोल्यांतून तिला फक्त लपता येतं, सरपटता येतं, कानोसा घेता येतो. आधीच्या प्रसंगात कुदळ उगारण्याची सवय लागलेल्या खेळाडूचे हात इथे अचानक रिकामे होतात. हे भाग म्हणजे नुसती विश्रांतीची ठाणी नव्हेत. प्रत्येक ठाण्यावर खेळाडूचं वय, बळ आणि उंचीसुद्धा बदलते, आणि तेच गाव नव्याने अनोळखी होतं.

शिवाय कुणालाच पूर्ण चित्र माहीत नसतं. पहिल्या ‘सायरन’मध्ये हे टोकाला नेलं होतं. एका पात्राने एका तासाला केलेलं क्षुल्लक काम दुसऱ्याला भलत्याच तासाला उपयोगी पडतं आणि त्या दोघांची कधी गाठही पडत नाही. हे धागे जुळवणारा एकटा खेळाडू. तो चुकला की कथा पुढेच सरकत नाही. त्या खेळातली मियाको तर जन्मतः आंधळी आहे. आपल्या कुत्र्याच्या डोळ्यांतून पाहत ती वाट काढते. साइटजॅक एरवी शत्रूला हेरण्याचं साधन, पण तिच्यासाठी तो आधार आहे. दुसऱ्याच्या नजरेवर विसंबून जगणं म्हणजे काय, हे या एका पात्राने कोणत्याही संवादाशिवाय सांगितलं आहे.

‘ब्लड कर्स’ पुढे काळालाच गाठ मारतो. कथा त्याच रात्रीत पुन्हा शिरते आणि आधी गमावलेली माणसं पुन्हा जिवंत भेटतात. मालिकेच्या घडणीमुळे हे पचतं, कारण ‘मागील भागात काय घडलं’ हे ऐकायची सवय झालेली असते आणि आता नेमकं तेच अविश्वसनीय होतं.

मालिकेची ही घडण दुसऱ्या एका खेळातही दिसते. २०१५ मध्ये कॅपकॉमने ‘रेझिडेंट ईव्हिल: रेव्हलेशन्स २’ चार भागांत, दर आठवड्याला एक असा आणला. भागांची चारही नावं काफ्काच्या पुस्तकांची आणि कथांची. क्लेअर रेडफिल्ड आणि मोइरा एका बेटावर कैदेत आहेत. मोइराचे वडील बॅरी तिला शोधत तिथे पोचतात, पण सहा महिने उशिरा. प्रत्येक भागात आधी लेकीची वाट चालायची, मग तीच वाट वडिलांबरोबर. बंदुकीची धास्ती घेतलेल्या मोइराने ऐन क्षणी बंदूक उचलली की नाही, यावर शेवट ठरतो. तो निर्णय क्लेअरच्या प्रसंगात होतो आणि त्याचं फळ बॅरीच्या पदरात पडतं. दर आठवड्याच्या त्या प्रतीक्षेला इथे खरा अर्थ आला.

तोयामांनी २०२० मध्ये सोनी सोडली आणि बोके गेम स्टुडिओ उभा केला. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या त्यांच्या ‘स्लिटरहेड’मध्ये खेड्याऐवजी नव्वदच्या दशकातल्या हाँगकाँगसारखं दाट शहर आहे आणि खेळाडू म्हणजे शरीर नसलेला एक आत्मा. रस्त्यावरच्या कुणाही माणसात शिरायचं, त्याच्या डोळ्यांनी पाहायचं, धोका आला की दुसऱ्यात उडी घ्यायची. पंचवीस वर्षांत रेडिओपासून नजरेपर्यंत आणि नजरेपासून देहापर्यंत, एकाच प्रश्नाचा एवढा चिवट पाठपुरावा फार थोड्या दिग्दर्शकांनी केला असेल.

ज्यांना हे खेळून पाहायचं असेल त्यांनी ‘ब्लड कर्स’पासून सुरुवात करावी. मूळ ‘सायरन’ कठोर आहे, तो नंतर घ्यावा. कानांना हेडफोन लावावेत, कारण पावलांचे आवाज निम्मी माहिती देतात. बारा भाग एका दमात संपवू नयेत. रात्री एक भाग पुरे. आणि जमलं तर दोघांनी बसावं: एकाने कंट्रोलर धरावा, दुसऱ्याने शत्रूच्या अर्ध्या पडद्यावर लक्ष ठेवून ‘वळला, आता पळ’ एवढंच सांगावं.