उपचारानंतरची पाळत



गर्भाशयाच्या अंतःस्तराचा कर्करोग शस्त्रक्रियेने काढला, जरूर तेथे किरणोपचारही झाले, आणि रुग्ण सुखरूप घरी परतली, म्हणजे घरच्या मंडळींची मागणी ठरलेली असते: ‘डॉक्टर, दर सहा महिन्यांनी सगळ्या अंगाचा स्कॅन काढून टाका.’ ही मागणी स्वाभाविक असली, तरी ती सरसकट मंजूर करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. रोग उलटायचा तो बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांत उलटतो, आणि त्याची पहिली वर्दी पुष्कळदा रुग्णच देते: अंगावरून रक्त जाते, ओटीपोट दुखते, एखादा पाय सुजतो. शिवाय तो योनीच्या वरच्या टोकाशी पुन्हा उद्भवण्याचा संभव मोठा, आणि तेथे डॉक्टरांची नजर व बोट यंत्राच्या आधी पोहोचते. संकोचापायी ही तपासणी चुकवून स्कॅनवर भागवणे हा निव्वळ तोट्याचा व्यवहार होय.

संशय आल्यावर मात्र प्रतिमांचे मोल फार मोठे. कर्कपेशी साखर अधिक ओढतात, हे ओटो वारबुर्ग यांनी १९२० च्या दशकात दाखविले. पेट स्कॅन त्याच तत्त्वावर चालतो. ग्लुकोजसदृश द्रव्याला जोडलेले फ्लोरिन-१८ सुमारे ११० मिनिटांत निम्मे होत असल्याने ते साठवून ठेवता येत नाही, आणि म्हणूनच २००२ साली मुंबईत परळला वैद्यकीय सायक्लोट्रॉन आल्यावरच ही तपासणी आपल्याकडे सुरू झाली. उपाशीपोटी आलेल्या बाईला सुई टोचल्यावर तासभर निपचित, न बोलता पडून राहावे लागते, कारण हललेला स्नायूही साखर खातो. मग लघवीला जाऊन ये, असे बजावतात. हे द्रव्य मूत्रपिंडांवाटे उतरत असल्याने भरलेले मूत्राशय चित्रात दिव्यासारखे झळाळते, आणि जेथे पाहायचे नेमकी तीच जागा झाकोळते. किरणोपचाराने झालेला दाहही तसाच उजळतो. त्यामुळे उपचारानंतर साधारण तीन महिने थांबणे श्रेयस्कर. ओटीपोटातील बारकाव्यांसाठी एमआरआय अधिक कामाचा: जुना व्रण त्यात बहुधा काळवंडलेला दिसतो, नवी गाठ त्याहून उजळ.

एवढे होऊनही गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली गेल्यावाचून निकाल देता येत नाही. मग चित्राचे खरे काम कोणते? रोग योनीच्या टोकाशीच आहे, की महारोहिणीलगतच्या लसिकाग्रंथींत वा फुप्फुसांतही पसरला आहे, हे सांगणे. पूर्वी किरणोपचार न झालेल्या बाईत तो त्या एकाच जागी असेल, तर किरणोपचाराने ती पूर्ण बरी होण्याची आशा पुष्कळ असते. इतरत्र गेला असेल, तर उपचाराची सारी दिशाच बदलते.

तेव्हा स्कॅनला जाताना मागील फिल्मा, सीडी आणि शस्त्रक्रियेचे कागद बासनात बांधून न ठेवता बरोबर न्यावेत. आजची सावली जुनीच की नवी, हे त्यांच्यावाचून तज्ज्ञालाही ठरवणे कठीण जाते.