समुद्राविना सागरी सराव

हिंगोलीला समुद्र नाही, सिद्धेश्वर धरण आहे. पुण्याच्या रोहन मोरेंच्याही दारात समुद्र नव्हता. तरी २०१८ मध्ये न्यूझीलंडची कुक सामुद्रधुनी पार करून ‘ओशन्स सेव्हन’ पूर्ण करणारे ते पहिले आशियाई ठरले.

इंग्लिश खाडी सरळ मोजली तर ३३ किलोमीटर. त्याआधी १६ अंश किंवा त्याहून थंड पाण्यात सलग ६ तास पोहून दाखवावं लागतं. अंगावर साधा पोशाख, नावेला हात लावायचा नाही. धरणात दम वाढेल. पण भरती-ओहोटी, खारं पाणी इथं कुठलं? त्यासाठी मुंबई गाठायची, म्हणजे खर्च आलाच. आणि पोरांनो, धरणात एकट्यानं उतरू नका. सोबत नाव हवी, माहितगार माणूस हवा. गाळ आणि मासेमारांची जाळी वरून दिसत नाहीत.