पेलेट बंबात की हळदीच्या बॉयलरमध्ये?

मराठवाड्यातल्या कळमनुरी-वसमतच्या पट्ट्यात हळद शिजवण्याचे दिवस आले, की शेताच्या कडेला बॉयलरची भट्टी धडधडते, तिच्यात पऱ्हाटी, तुराटी आणि बाभळीचं सरपण जातं. घरी अंघोळीच्या पाण्यासाठी तांब्याचा बंब पेटतो. लाकडाचा भुसा किंवा गवत-काड्या दाबून केलेले पेलेट या दोन्ही ठिकाणी वापरावेत, असं सुचवलं जातं. माझं मत असं, की बंबाच्या वाटेला त्यांनी जाऊ नये. बॉयलरमध्ये त्यांना जागा आहे, पण तीही अटींवर.

आधी हिशेब करू. चाळीस लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर न्यायला १६०० किलोकॅलरी लागतात. वाळलेल्या सरपणाच्या एका किलोत साधारण ३५०० असतात. म्हणजे सगळी उष्णता पाण्याला मिळाली, तर अर्ध्या किलोत काम व्हायला हवं. आपल्या बंबात किती जातं, ते ज्यानं त्यानं तोलून पाहावं. जास्तीचं जे जातं, त्याचं एक कारण ओल. नुकत्याच तोडलेल्या लाकडात निम्मं वजन पाण्याचं असू शकतं आणि त्यातल्या प्रत्येक लिटरची वाफ करायला सुमारे ६०० किलोकॅलरी खर्च होतात. दुसरं कारण हवा. ती कमी पडली की लाकडातून सुटलेला वायू न जळताच बाहेर पडतो: कार्बन मोनॉक्साइड, काजळी, डांबरट कण. धूर म्हणजे आपणच विकत घेतलेलं किंवा डोक्यावरून वाहून आणलेलं, पण न जळलेलं इंधन. तो सर्वांत जास्त निघतो पेटवताना आणि विझताना, आणि बंबाचं बहुतेक आयुष्य या दोनच अवस्थांत जातं. त्यात पेलेट ओतले तर जाळीवर त्यांचा थर बसतो, खालची हवा कोंडते आणि ढीग नुसता धुमसतो. पेलेट स्वच्छ जळतो तो त्याच्यासाठी बांधलेल्या भट्टीत, जिथं पंखा मोजून हवा देतो आणि इंधन थोडं थोडं पडतं.

जर्मनीत २०१५ पासून बसणाऱ्या नव्या घरगुती पेलेट बॉयलरला धुराच्या घनमीटरमागे २० मिलिग्रॅम धुळीची मर्यादा आहे. तिथला बॉयलर हिवाळाभर घर तापवतो, तासन्‌तास एका चालीनं जळतो. आपल्याकडे घर तापवायचंच नसतं, त्यामुळे तिथले आकडे आपल्या न्हाणीघरात आणून उपयोग नाही. आपला अनुभव वेगळा आहे आणि तो पाहण्यासारखा आहे. बीपी या तेल कंपनीनं बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या मदतीनं २००६ मध्ये पंख्याची ‘ऊर्जा’ चूल आणली. शेतातल्या उरलेल्या मालाचे पेलेट तिचं इंधन. पुढं हा व्यवसाय पुण्याच्या फर्स्ट एनर्जीकडे गेला. सुमारे चार लाख चुली विकल्या गेल्या. चूल उत्तम जळत होती, पण पेलेट महागले, घरचं गिऱ्हाईक गळालं आणि कंपनी हॉटेलं-कारखान्यांकडे वळली. पेलेट जिथं दिवसभर जळतो तिथंच परवडतो, हा त्याचा अर्थ.

हळदीचा बॉयलर नेमका असा आहे. हंगामात तो सकाळी पेटतो आणि हळदीच्या कुकरमागून कुकरला वाफ देत राहतो. पण इथं गवत-काडी आणि लाकूड यांतला फरक आडवा येतो. चांगल्या लाकडाच्या पेलेटची राख एक टक्क्याच्या आत असते. गवत-काडाची पाच-सहा टक्क्यांवरही जाते आणि तिच्यात पालाश भरपूर. पालाशाची राख कमी उष्णतेत वितळते आणि वीटभट्टीतल्या खंगरासारखा गोळा जाळीवर घट्ट बसतो. हवा पुन्हा कोंडते, धूर पुन्हा सुरू. शिवाय गवतात नत्र जास्त, म्हणून नायट्रोजनचे ऑक्साइडही जास्त. तेव्हा काडाचा पेलेट घ्यायचा असेल, तर राख सतत बाहेर काढणारी हलती जाळी आधी हवी. विकणारा हे आपणहून सांगत नाही.

कुणी म्हणेल, पऱ्हाटी बांधावर फुकट पडलेली असताना पेलेट विकत का घ्यायचा? आक्षेप रास्त आहे, आणि माझं उत्तर निम्मं त्याच्याच बाजूचं आहे. बोंडअळीमुळे पऱ्हाटी रानात ठेवायची नसतेच. ती उपटून, ऊन देऊन, कुट्टी करून मोठ्या भट्टीत थोडी थोडी टाकली, तर पेलेटचे बरेचसे गुण फुकटात मिळतात. पेलेट करण्याचा खर्च तेव्हाच उचलावा, जेव्हा इंधन आपोआप पडायला हवं किंवा दूर न्यायचं असेल. दुसरा आक्षेप जमिनीचा: सगळं जाळलं तर रानात काय उरणार? म्हणूनच सोयाबीनचं भुसकट आणि तुरीचा पाला यांना हात लावू नये. ते जनावरांचं आणि मातीचं. तिसरा युक्तिवाद मात्र मला पटत नाही. झाड वाढताना जेवढा कार्बन डायऑक्साइड घेतं तेवढाच जळताना सोडतं, म्हणून हा धूर निर्दोष, असं म्हणतात. झाड पुन्हा लावलं तर तो हिशेब हवामानाचा म्हणून चालेल. भट्टीशी वाकून सरपण सारणाऱ्या बाईच्या छातीत काजळी जाते, ती या हिशेबात कुठं धरलेली नाही.

राहिला बंब. मराठवाड्यात ऊन उदंड आहे. चाळीस लिटर पाण्यासाठी छपरावर सौर तापक पुरतो. ढगाळ चार दिवसांसाठी बंब राहू द्या, त्यात पुरतं वाळलेलं, बारीक फोडलेलं सरपण घाला आणि पेटवण्याआधी मधल्या नळीतली काजळी खरवडून काढा. काजळीचा थर उष्णता पाण्यापर्यंत पोचू देत नाही, आणि तो काढायला पैसाही लागत नाही.