इतिहास : ऐकलेला आणि वाचलेला

(पालक मेळाव्यात दिलेले भाषण)



मी इतिहासाचा पंडित नव्हे. प्राथमिक शाळेत खडू झिजवलेला एक शिक्षक आहे. तेव्हा मोठे विचार बाजूला ठेवून माझ्या हातून झालेली एक चूक आधी आपल्यापुढे मांडतो.

चौथीच्या वर्गात अफझलखानाचा धडा संपला होता. मधल्या सुट्टीत आपल्या समाजातला एक मुलगा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "सर, खान आपला होता का?" वर्गातली दोन-तीन मुले त्याला चिडवीत होती, हे मला ठाऊक होते. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला, "बाळ, सगळे आपलेच" असे गुळमुळीत उत्तर दिले आणि चहाला गेलो. त्याचे समाधान झाले नव्हते. ते मला दिसलेही होते.

पालकहो, हा प्रश्न तुमच्या घरीही आला असेल. आपण काय करतो? कोणी पोराला गप्प बसवतो. कोणी उलट गोष्ट सांगतो, की आपले सारे बादशहा शूर आणि न्यायी होते, पुस्तकवाले खोटे लिहितात. वर्गात एक गोष्ट, घरी दुसरी. दोन्ही ऐकीव. या दोहोंच्या मध्ये आठ-नऊ वर्षांचे लेकरू उभे राहते आणि इतिहास म्हणजे कोणाच्या बाजूचे तरी भांडण, असे धरून चालते.

गोष्टींना माझा विरोध नाही. दादी-नानीच्या गोष्टींवरच आपण वाढलो. पण गोष्ट सांगणारा राजाच्या तोंडी आपल्या मनाची वाक्ये घालतो. म्हणून गोष्टीबरोबर मुलाच्या हाती माहितीचे पुस्तक द्यावे, म्हणजे ज्यात नावे, गावे, सन, नकाशे असतात आणि हे कशावरून कळले तेही असते. लहान मुलांना ते रुक्ष वाटेल, असे पुष्कळांना वाटते. पंडित नेहरूंना तसे वाटले नाही. १९२८ साली दहा वर्षांच्या इंदिरेला त्यांनी जी पत्रे लिहिली, त्यांत राजाराणी नंतर येतात. आधी येतो एक गुळगुळीत गोटा. तो वाहत कोठून आला असेल, हे त्याच्या गोलाईवरून कसे ओळखावे, तेथून त्या मुलीचा इतिहास सुरू झाला.

आपल्याकडेही असे गोटे पुष्कळ आहेत. मलिक अंबरचेच पाहा. हबशी मुलूखातला पोरगा, गुलाम म्हणून विकला गेला, हातोहाती फिरत दख्खनेत आला आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. १६१० साली त्याने खडकी वसवली. तेच पुढचे औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर. त्या गावासाठी त्याने जमिनीखालून नहर खणून पाणी आणले. आठ वर्षांच्या मुलाला लढायांच्या आधी हा नहर वाचायला द्या. पंप नसताना पाणी उताराने कसे चालले? खाली गाळ साचला तर माणूस उतरणार कोठून? माझ्या वर्गातल्या मुलांनी ओल्या वाळूत नळीने नहर करून पाहिला आणि वर्गभर चिखल केला. शिपाईमामा आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत!

आता त्या मुलाकडे वळतो. पुढच्या शनिवारी मी त्याला मोठ्या पुस्तकांतला मजकूर सोप्या भाषेत उतरवून दिला आणि वहीत दोन रकाने आखायला सांगितले. १० नोव्हेंबर १६५९, प्रतापगडचा पायथा. खानाच्या बाजूला कोण, महाराजांच्या बाजूला कोण? त्याने बोट ठेवून वाचले. खानाकडे वकील कृष्णाजी भास्कर. सैन्यात पांढरे, घाटगे आणि महाराजांच्याच भाऊबंदांतले मंबाजी भोसले. महाराजांच्या अंगरक्षकांत सिद्दी इब्राहिम. मी काहीच समजावले नाही. तो बराच वेळ त्या दोन रकान्यांकडे पाहत बसला, मग म्हणाला, "सर, हे कोणी लिहून ठेवले?"

हाच प्रश्न मला हवा होता. आम्ही तिसरा रकाना आखला. सिद्दी इब्राहिमचे नाव कवींद्र परमानंदाच्या 'शिवभारता'त आहे, आणि ते काव्य महाराजांच्या हयातीतले. आरमाराचा दौलतखान १६७९ च्या खांदेरीच्या लढाईत इंग्रजांशी झुंजला; त्याचे नाव खुद्द इंग्रजांच्या कागदांत सापडते. शत्रूने लिहिले, म्हणजे खुशामत नव्हे, हे मुलाला लगेच पटले. त्याच लढाईत जंजिऱ्याचा सिद्दी मात्र इंग्रजांच्या बाजूने होता, हेही मी लपवले नाही.

यापुढचे काम अवघड होते. मुलाने आनंदाने मदारी मेहतरचे नाव लिहिले. आग्र्याच्या सुटकेची ती कथा आपल्या समाजाला फार प्रिय आहे. मीही ती वर्षानुवर्षे छाती काढून सांगितली होती. परंतु समकालीन कागदांत तिला आधार मिळत नाही, असे अभ्यासकांनी दाखवले आहे. सांगावे की न सांगावे? दुसऱ्यांच्या गोष्टींना पुरावा मागायचा आणि आपल्या आवडत्या गोष्टीला सूट द्यायची, हे मला जमेना. मी सांगितले. त्याचा चेहरा पडला.

माता-भगिनींनो, तुम्हाला लिहिता-वाचता येत नसेल तरी हे काम अडत नाही. पोराला रोज पानभर मोठ्याने वाचायला लावा आणि स्वयंपाक करता करता एवढेच विचारा, "हे कोणी पाहिले होते?" पुस्तक मराठी असो वा उर्दू, माध्यमाचा वाद येथे नको. विकत घेणे परवडत नसेल तर शाळेच्या कपाटात पाहा. मी एका शाळेत असे कपाट पाहिले आहे की ज्याचे कुलूप गंजून गेले होते, कारण मुले पुस्तके मळवतील अशी धास्ती! मळू द्या.

त्या मुलाची वही वर्षअखेरीस मी तपासायला घेतली. मदारी मेहतरचे नाव त्याने खोडले होते, पण पेन्सिलीने. शेजारच्या तिसऱ्या रकान्यात लिहिले होते : "कागद सापडल्यास पुन्हा शाईने लिहिणे."