एअर ब्रेक: हवा, पाणी आणि आपली सही

(कामगार प्रशिक्षण वर्गातील भाषणाचा मजकूर)



या वर्गाला रेल्वेचे फिटर आणि परीक्षक आले आहेत, तसेच टपाल खात्याच्या मोटार सेवेतले ड्रायव्हर व मेकॅनिकही आले आहेत. या दोघांना एकत्र बसवून ब्रेकवर काय सांगणार, अशी कुजबूज मघाशी कानावर आली. मालगाडी असो की टपालाच्या थैल्या वाहणारा जड ट्रक, त्याला थांबवते ती टाकीत दाबून भरलेली हवा. दोन्हीकडचे आजारही तेच: पाणी आणि गळती.

रेल्वेवाल्यांना पहिला भाग पाठ आहे, तरी टपालच्या साथींसाठी सांगतो. गाडीभर गेलेल्या ब्रेक पाइपात 5 किलो दाब असतो. तो उतरला की प्रत्येक वाघिणीखालचा डिस्ट्रिब्यूटर व्हॉल्व्ह सहायक टाकीतली हवा ब्रेक सिलिंडरमध्ये सोडतो आणि ब्रेक लागतो. होज पाइप फाटला किंवा कपलिंग तुटले तरी गाडी आपोआप थांबते. वेस्टिंगहाऊस यांनी 1872 च्या सुमारास काढलेल्या या युक्तीवर आजही सगळा डोलारा उभा आहे. पण सिलिंडरमधली हवासुद्धा गळते. जड ट्रकचा पार्किंग ब्रेक स्प्रिंगने लागतो. हवा त्या स्प्रिंगला मागे रेटून धरते, म्हणून हवा संपली की चाके जखडतात. आपल्या वाघिणीला अशी स्प्रिंग नाही. नुसत्या हवेवर उभी केलेली मालगाडी काही वेळाने मोकळी होऊ शकते. तिला धरतात ते हँडब्रेक, लाकडी गुटके आणि साखळी.

25 फेब्रुवारी 2024 रोजी कठुआहून खडीने भरलेली मालगाडी चालकाविना निघाली आणि सत्तर किलोमीटरवर पंजाबात कशीबशी थांबवली गेली. नशिबाने कोणी दगावले नाही. कॅनडातल्या लाक-मेगांतिक गावाचे नशीब तसे नव्हते. 5 जुलै 2013 च्या रात्री कच्च्या तेलाच्या 72 टाक्यांची गाडी गावाबाहेर उतारावर उभी होती. गाडीवर माणूस एकच. त्याने सात हँडब्रेक लावले आणि चाचणी घेतली, पण चाचणीच्या वेळी इंजिनाचा एअर ब्रेक लागलेलाच होता. गाडी हवेने धरली होती, हँडब्रेकने नव्हे, आणि ते कळायला मार्ग राहिला नाही. पुढे इंजिनाला आग लागली. ती विझवताना इंजिन बंद केले, कॉम्प्रेसर थांबला आणि हवा हळूहळू उतरत गेली. मध्यरात्रीनंतर गाडी सुटली. गावात 47 माणसे मेली. चौकशीत दिसले की निदान सतरा हँडब्रेक लागत होते. गुन्हेगारी हलगर्जीपणाच्या आरोपातून तिघे कर्मचारी जानेवारी 2018 मध्ये सुटले, पण चाचणी नीट न घेतल्याबद्दल चालकाला वेगळ्या कायद्याखाली शिक्षा झालीच. एकाच माणसावर गाडी सोपवण्याचा निर्णय मात्र त्याचा नव्हता.

आता पाण्याकडे येतो. कॉम्प्रेसरमधून निघालेली गरम हवा टाकीत निवते आणि तिच्यातली वाफ तळाशी साचते. त्या पाण्याने टाकी गंजते, गंज व्हॉल्व्हच्या सीटवर जाऊन बसतो आणि ब्रेक उशिरा लागतो किंवा उशिरा सुटतो. कोकणात पावसाळ्यात काम केलेल्याला हे सांगायला नको. ट्रकच्या टाक्यांचे ड्रेन रोज उघडा. एअर ड्रायर बसवला आहे म्हणून ड्रेन विसरणारे पुष्कळ भेटतात. ड्रायर असूनही पाणी येत असेल तर त्याचे कार्ट्रिज संपले आहे. पाण्यात तेल दिसले तर कॉम्प्रेसरच्या रिंगा पाहायला हव्यात.

गळती ओळखायला साबणाचे पाणी आणि शांतता लागते. ट्रक सपाट जागी उभा करून चाकांना गुटके लावा, इंजिन बंद करा, पेडल दाबून धरा आणि गेजचा काटा पाहा. आपोआप जुळणारा स्लॅक अ‍ॅडजस्टर पुन्हा पुन्हा हाताने आवळू नका. स्ट्रोक वाढत असेल तर दोष दुसरीकडे आहे, आवळून तो फक्त झाकला जातो. आणि स्प्रिंग ब्रेक चेंबर रस्त्यावर खोलायचा नाही. आतली दाबलेली स्प्रिंग सुटली तर जीव घेते.

रेल्वेत सर्वात फसवा दोष बंद राहिलेल्या अँगल कॉकचा. इंजिनातला गेज 5 किलो दाखवतो आणि मागच्या अर्ध्या गाडीला हवाच नसते. म्हणून ब्रेक सलगतेची चाचणी शेवटच्या वाहनावरच पटते. गार्डचे नाव 2022 पासून ट्रेन मॅनेजर झाले, पण त्याचे हे काम कमी झालेले नाही. इगतपुरीहून कसाऱ्याकडे 37 ला 1 च्या उतारावर भरलेली गाडी नेणाऱ्याला विचारा.

हे सगळे करायला वेळ लागतो आणि वरून तोच कापला जातो. कंट्रोलचा फोन येतो, गाडी किती वाजता सोडता? ब्रेक पॉवर सर्टिफिकेटवर सही कंट्रोलची नसते, आपली असते. परीक्षणाला नेमून दिलेला वेळ मिळाला नाही, तर रेक केव्हा आला, केव्हा मागितला, किती वाघिणी पाहता आल्या आणि कितींचे ब्रेक आयसोलेट होते, हे आकड्यांसह मेमोत लिहा. मेमोवर पोच घ्या आणि एक प्रत शाखेकडे द्या. युनियनला वाटाघाटीत हेच कागद लागतात. टपालच्या साथींनी वाहनाच्या लॉगबुकात असेच लिहावे. "ब्रेक ठीक नाही" एवढ्यावर कोणी हलत नाही. "इंजिन बंद, पेडल दाबून एका मिनिटात काटा एवढा उतरला" असे लिहिले की अधिकाऱ्याला उत्तर द्यावेच लागते.

पुढचा तास शेडमध्ये आहे. साबणाचे पाणी आणि गेज तिथे ठेवले आहेत.