न्यूयॉर्कच्या रस्त्यानें एकटा
(हातकणंगले येथें शेतकरी व कारागीर मंडळींपुढें केलेलें भाषण)



मघाशीं सभेला येतांना एका माउलीनें मला वाटेंत गांठून विचारलें, "पोरगा समुद्रापलीकडे शिकायला जातों म्हणतो. एवढ्या मोठ्या शहरांत तो एकटा. तेथें त्याला कोण विचारणार?" प्रश्न खरा आहे. हुपरीचा चांदीकाम करणारा असो, इचलकरंजीचा मागवाला असो, नाहींतर उसाच्या फडांत राबणारा असो; पोर घराबाहेर पडलें कीं आईचा जीव खालवर होतो. मीं तेथेंच उत्तर दिलें नाहीं. तें आतां देतों, कारण "कोण विचारणार" या शब्दांतच सारी गोम आहे.

१९०१ सालची गोष्ट घ्या. सातारकडचीं कांहीं पोरें आगगाडीनें मसूर स्टेशनावर उतरलीं. वडील कोरेगांवला नोकरीवर होते, पण न्यायला कोणी आलें नव्हतें. कपडे नीटनेटके पाहून स्टेशनमास्तर मायेनें जवळ आला व त्यानें विचारलें, पोरांनो, तुम्ही कोण? पोरानें भाबडेपणानें खरें सांगितलें कीं आम्ही महार. मास्तराचा चेहरा एकदम पालटला आणि तो आपल्या खोलीकडे निघून गेला. मग गाडीवान मिळेना. शेवटीं दुप्पट भाडें कबूल करून गाडी पोरांनींच हांकायची आणि गाडीवानानें पायीं चालायचें असें ठरलें. बैलांना विटाळ नव्हता, हें नशीबच! त्या पोरांत भीमराव आंबेडकर होते. मसूर कांहीं विलायतेंत नाहीं. आपल्याच पुणें-मिरज लोहमार्गावरचें तें स्टेशन आहे.

बारा वर्षांनीं, १९१३ च्या जुलैंत, हेच भीमराव न्यूयॉर्कच्या बंदरांत उतरले. वय बावीस. वडील सुभेदार रामजी त्याच वर्षीं फेब्रुवारींत वारलेले. घरीं पत्नी रमाबाई व तान्हें मूल. बडोद्याच्या सयाजीरावमहाराजांनीं महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली होती. त्या वेळच्या भावानें सुमारें एकशें बहात्तर रुपये. त्याबद्दल शिकून आल्यावर दहा वर्षें संस्थानची चाकरी करायची, असा करार ४ जून १९१३ रोजीं झाला होता.

न्यूयॉर्क हें समुद्रकांठचें शहर. त्याचा मॅनहॅटन भाग म्हणजे पाण्यानें वेढलेलें लांबट बेटच. युरोपांतून बोटी भरभरून येत आणि आपल्यासारखेच गरीब शेतकरी, शिंपी, विणकर पोटासाठीं तेथें उतरत. जमिनीखालून १९०४ पासून आगगाडी धांवत होती. पांच सेंट टाकावे आणि बसावें; शेजारचा कोणत्या कुळींचा याची चौकशी नाहीं.

कोलंबिया विद्यापीठाच्या वसतिगृहांतलें जेवण भीमरावांना रुचेना. थोड्याच दिवसांत त्यांनीं तें सोडलें. पुढें नवल भथेना या पारशी मित्राबरोबर राहिले. मित्र जन्माचा मिळाला. पोटाला बहुधा एक प्याला कॉफी, मफिन नांवाचे दोन पाव आणि मांसाची वा मासळीची एक बशी. शिष्यवृत्तींतूनच घरींही पैसे पाठवायचे, तेव्हां नाटकें-तमाशे कोठून परवडणार? हा तरुण मोकळ्या वेळांत एकटाच जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून हिंडे. तेथें कोणीही उभें राहावें, कोणतेंही पुस्तक उघडावें, वाचावें, पैसे असले तर घ्यावें. ज्याच्या हातचा पाण्याचा तांब्या शाळेंत चालत नव्हता, त्यानें हाताळलेलें पुस्तक दुकानदारानें धुवून घेतलें नाहीं. अशीं सुमारें दोन हजार पुस्तकें त्यांनीं जमवलीं. १९१५ त एम.ए. झाले, आणि ९ मे १९१६ रोजीं हिंदुस्थानांतल्या जातींवरचा आपला निबंध त्यांनीं तेथल्याच प्राध्यापकांपुढें वाचला. जात जेथें कोणी विचारली नाहीं, तेथें बसून त्यांनीं जातीलाच विचारलें कीं बाई, तूं कोठून आलीस?

अमेरिका स्वर्ग आहे असें मात्र समजूं नका. तेथें गोऱ्यांनीं काळ्यांचे हाल केले. विद्यापीठाजवळच्या हार्लेम भागांत निग्रो कुटुंबें त्याच काळांत वस्तीला येत होतीं. आंबेडकरांना याचा विसर पडला नाहीं. १९४६ सालीं त्यांनीं निग्रोंचे पुढारी डु बॉइस यांना मुद्दाम पत्र लिहिलें. पण आपल्यापुरतें पाहिलें तर एवढें खरें, कीं परदेशांतल्या त्या वर्षांत आपण अस्पृश्य आहोंत हेंच आपल्या मनांतून पुसलें गेलें होतें, असें त्यांनीं स्वतः आठवणींत लिहून ठेवलें आहे.

तें पुन्हां उमटलें कोठें? १९१७ त लंडनहून परततांना त्यांचें सामान दुसऱ्या बोटीनें निघालें होतें. महायुद्धांत ती बोट टॉर्पेडोनें बुडाली, पुस्तकें समुद्राच्या तळाशीं गेलीं. नुकसानभरपाईचे सहाशें रुपये आले, त्यांतूनच करार पाळायला ते बडोद्याला गेले. राहायला जागा मिळेना. नांव बदलून एका पारशी उतारघरांत राहिले. अकराव्या दिवशीं दहाबारा माणसें लाठ्या घेऊन दारांत आलीं. तूं कोण? दोघा मित्रांकडे आसरा मागितला, दोघांनींही कांहीं ना कांहीं अडचण सांगितली. मोठा पगार असलेला तो विद्वान बागेंत झाडाखालीं बसून राहिला आणि रात्रीच्या गाडीनें मुंबईला परतला. परमुलखांत जो एकटा पडला नाहीं, तो आपल्या मुलखांत पडला.

मग १९२० चा मार्च आला. २१ व २२ तारखेला माणगांवला परिषद भरली. आज आपल्याच तालुक्यांत मोडणाऱ्या माणगांवला! आप्पासाहेब पाटलांनीं खटपट केली, अध्यक्ष आंबेडकर होते, आणि छत्रपति शाहूमहाराजांनीं स्वतः येऊन लोकांना सांगितलें कीं तुम्हांला तुमचा पुढारी मिळाला आहे. येथें मात्र त्यांना विचारलें तें मानानें. त्याच वर्षीं जुलैंत ते पुन्हां बोटीवर चढले, लंडनचें अपुरें शिक्षण पुरें करायला. महाराजांनीं मदत केली, न्यूयॉर्कच्या मित्रानें, भथेनांनीं, पैसे उसने दिले. एकटे गेले, आणि १९२३ त परत आले; डी.एस्‌सी. पदवी त्याच वर्षीं पुढें मिळाली.

माउली सभेंतच बसली आहे. तिला आणखी कांहीं विचारायचें असेल तर तिनें उभें राहून विचारावें.