पाहुण्यांचे स्वयंपाकघर
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात झालेले भाषण)



यंदा कशावर बोलणार, असे चिटणीसबाईंनी विचारले तेव्हा मी ‘चिनी दारूवर’ असे सांगून टाकले. त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला! महिला मंडळात दारूचे नाव आजवर निघाले ते निषेधाच्या ठरावातच. आपल्यातल्या काही भगिनी तर ‘आडव्या बाटली’च्या मतदानासाठी उन्हातान्हात खेडोपाडी हिंडल्या आहेत. गावातल्या निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडव्या बाटलीला मत दिले की दुकान बंद होते, हा हक्क सहजासहजी मिळालेला नाही. मीही त्याच बाजूची आहे, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचे ऐकताना कोणाच्या कपाळाला आठ्या पडायला नकोत.

निमित्त झाले ते एका बातमीचे. चीनच्या सिचुआन प्रांतात एमेई नावाचा पर्वत आहे. बौद्धांचे ते मोठे तीर्थक्षेत्र. त्या पर्वताच्या परिसरात पेर्नो रिकार्ड या फ्रेंच कंपनीने २०२१ साली व्हिस्कीचा कारखाना सुरू केला, आणि २०२३ च्या अखेरीस तिथली व्हिस्की बाजारात आली. सातूला मोड आणायचे, ते वाळवून आंबवायचे, तांब्याच्या भांड्यांतून अर्क काढायचा आणि तो लाकडी पिंपांत वर्षानुवर्षे मुरवायचा, असा तो प्रकार. त्याबद्दल मला अधिक सांगायचे नाही. पण हा प्रांत कुठे आहे, तिथे कोण राहते, काय खाते, हे शोधता शोधता मी एका निराळ्याच घरात जाऊन पोहोचले.

त्याच प्रांतात, चेंगडू शहराच्या पूर्वेला वीसएक किलोमीटरवर, लुओदाई नावाचे जुने गाव आहे. कारखान्याच्या दारातले नव्हे, चांगले दूर आहे. पण मला तिथे नेले ते एका शब्दाने. तो शब्द म्हणजे ‘हक्का’. हो, आपली नातवंडे गाडीवर मागतात त्या हक्का नूडल्समधलाच! मला इतकी वर्षे वाटे की ही शेवया करण्याची एखादी रीत असेल. ते एका समाजाचे नाव आहे, आणि त्याचा अर्थ ‘पाहुणी कुटुंबे’.

पाहुणी कशी, तर हे लोक मूळचे उत्तर चीनचे. लढाया आणि दुष्काळ यांच्यामुळे शतकानुशतके टप्प्याटप्प्याने दक्षिणेकडे सरकत गेले. चांगली सपाट जमीन आधीच्या लोकांनी घेतलेली. यांच्या वाट्याला डोंगर आला. ग्वांगतुंग प्रांतातील मेइझोऊचा भाग हे त्यांचे मुख्य ठिकाण. पुढे सतराव्या शतकात युद्धांनी सिचुआन ओसाड पडला, तेव्हा राजाने नव्या लोकांना तिथे वसायला उत्तेजन दिले. त्यांत हक्काही निघाले आणि शेकडो कोस चालून लुओदाईला आले. तिथे त्यांनी बांधलेली ग्वांगतुंगकरांची सभागृहवजा वास्तू आजही उभी आहे. पूर्वजांची शेते विकावी लागली तरी विका, पण पूर्वजांची बोली विसरू नका, अशी त्यांच्यात म्हण आहे. चहूकडे सिचुआनी बोली चालत असताना यांच्या घरात तीनशे वर्षे ग्वांगतुंगची बोली टिकली. ही बोली घरात टिकली म्हणजे ती मुलांना कोणी शिकवली असेल, हे तुम्हांला वेगळे सांगायला नको.

हक्का बायकांची एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ज्या काळात चीनमध्ये मुलींचे पाय लहानपणीच करकचून बांधून मोडून टाकीत, त्या काळात हक्का बायका सहसा पाय बांधीत नसत. इतर लोक त्यांना हसत. पण डोंगरउतारावरची शेती करायची, लाकडाच्या मोळ्या वाहायच्या, पुरुष समुद्रापार मजुरीला गेले की सारा प्रपंच ओढायचा, हे मोडक्या पायांनी व्हायचे कसे? हे स्वातंत्र्य नव्हते हो, गरज होती. कामाचा भार सारा त्यांच्याच डोक्यावर राहिला. तरीपण पाय शाबूत राहिले, ही काही थोडीथोडकी गोष्ट नाही.

आता दारूकडे येते. हक्का घरांत तांदळाची एक गोड वारुणी करतात. तिचे नाव ‘न्यांगज्यू’. त्यातल्या ‘न्यांग’चा अर्थ आई. ती करणाऱ्या बायकाच. चिकट तांदूळ रात्रभर भिजवायचा, वाफवायचा, निववायचा. त्यावर विरजणाच्या वड्या कुटून भुरभुरायच्या आणि भात मातीच्या रांजणात भरून मधोमध खळगा ठेवायचा. थंडीत रांजणाला गोधडी गुंडाळायची. काही दिवसांनी खळग्यात रस जमू लागतो. मग तो गाळून, मडक्यांची तोंडे बंद करून, भोवती भाताचा पेंढा रचून मंद आगीवर तासन् तास तापवायचा. त्याने रंगाला लाली येते आणि वारुणी टिकते. यात अर्क काढणे नाही, त्यामुळे व्हिस्कीच्या मानाने ती पुष्कळ सौम्य असते. हे काम बेभरवशाचे. हवा बदलली, हात चुकला, की आंबट होते. दारू गाळणे आणि टोफू दळणे यांत कोणी स्वतःला उस्ताद म्हणवू नये, असे ते लोक म्हणतात. आपल्याकडे कैरीचे लोणचे घालताना थोरल्या जाऊबाईसुद्धा जरा जपूनच बोलतात, तसेच हे!

घरात सून गरोदर राहिली की सासू रांजण भरायला काढते. बाळंतपणानंतर महिनाभर त्या सुनेला आले परतून, कोंबडी घालून, त्या वारुणीत शिजवून देतात. आपला डिंकाचा लाडू, हळिवाची खीर, बाळंतशेपा, तसे त्यांचे हे. भाव तोच: हिला ऊब मिळो, अंगावर दूध येवो. आता यात एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. शिजवल्याने मद्यार्क पुष्कळ उडतो, सगळा उडत नाही, आणि तो आईच्या दुधात उतरतो. तेव्हा हे अनुकरणासाठी मी सांगत नाही.

सांगते आहे ते दुसऱ्याच कारणाने. आपल्याकडे बाटली घरात येते ती पुरुषाच्या हातून, आणि तिच्यापायी बाईच्या गळ्यातले मणी विकले जातात. म्हणून ती आडवी करावी लागते, आणि करावीच. तिकडे त्या रांजणाची मालकी सासूकडे, आणि पहिला वाटा अंथरुणावरच्या सुनेला. एकाच पदार्थाची ही दोन रूपे पाहून मी बरेच दिवस अस्वस्थ होते. दोष आंबलेल्या तांदळाचा की घरातल्या सत्तेचा? माझे मत अजून पक्के झालेले नाही. आपल्यापैकी कोणाचे झाले असेल तर चहाच्या वेळी मला जरूर गाठा.

या पाहुण्यांपैकी काहीजण आपल्या देशातही आले. मेइझोऊकडचे हक्का कोलकात्याला आले, टांगऱ्यात त्यांनी कातडी कमावण्याचे धंदे उभारले आणि तिथेच खाणावळी काढल्या. हक्का नूडल्सचे नाव आले ते त्या वस्तीकडून. १९६२ च्या युद्धात मात्र चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार माणसांना आपल्या सरकारने राजस्थानात देवळीच्या छावणीत नेऊन ठेवले. त्यांत म्हातारी माणसे होती, तान्ही मुले होती, याच देशात जन्मलेलीही होती. पुढे कितीतरी कुटुंबे कॅनडाला निघून गेली. पुन्हा पाहुणी! आपण मात्र नूडल्स खात राहिलो, कोणाच्या त्या न विचारता.

लुओदाईच्या एका पदार्थाचे सांगायचे राहिले. त्याचे नाव ऐकाल तर हसाल: ‘दुःखी ल्यांगफन’. कडधान्याच्या सत्त्वाची घट्ट, थंडगार वडी पाडायची, तिच्या लांबट पट्ट्या कापायच्या आणि वर मिरचीचे तेल, लसूण, व्हिनेगर आणि आपल्या तिरफळाच्या जातीची तिकडची मिरी घालायची. कोणी म्हणतात, दूरच्या गावाची आठवण येऊन डोळ्यांत पाणी येई म्हणून हे नाव. कोणी म्हणतात, मिरचीमुळे येते. पदार्थ पूर्ण शाकाहारी आहे. कुरडयांचा चीक ज्यांना शिजवता येतो त्यांना हा सहज जमेल. एक वाटी मुगाच्या सत्त्वाला पाच-साडेपाच वाट्या पाणी घ्यायचे आणि पारदर्शक होईपर्यंत हात न थांबवता ढवळायचे. येत्या पाककृतीच्या वर्गात मी तो करून दाखवणार आहे. सत्त्व मी आणीन. मिरचीचे तेल मात्र ज्या भगिनी ‘आम्ही काय कमी तिखट खातो’ असे म्हणतात, त्यांनी आपापल्या घरून करून आणावे.